पाकिटावरचा इशारा वाचणार कोण? मिठाच्या नियमात सीमाभागाचा विचार हवा

बिदर/कलबुर्गी : चिप्स, शेव, नूडल्स, सूप, बिस्किटं यांच्या पाकिटावर मीठ, साखर आणि चरबीची माहिती पुढच्या बाजूला कशी छापायची, हा प्रश्न दहा वर्षांहून जास्त काळ दिल्लीत फिरतो आहे. 9 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यात लक्ष घातलं. ‘थ्री-एस अँड अवर हेल्थ सोसायटी’ या संस्थेच्या जनहित याचिकेवर न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितलं. जुलैमध्ये समितीला आणखी तीन महिने मिळाले.

दिल्लीतली ही चर्चा आपल्याशी संबंधित नाही, असं भालकी, औराद, कमलनगर किंवा आळंदच्या माणसाला वाटणं साहजिक आहे. पण पाच-दहा रुपयांची पाकिटांची माळ लटकलेली नाही असं किराणा दुकान आज वाडी-तांड्यावरही सापडणार नाही. आणि पाकिटावर काय छापलंय ते वाचता न येणारा ग्राहक सगळ्यात जास्त जिथे आहे, त्या भागांत बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे येतात. इथे प्रश्न फक्त शिक्षणाचा नाही, भाषेचा आणि लिपीचाही आहे. त्यामुळे समिती कुठला पर्याय निवडते, यावर इथल्या ग्राहकाला इशारा मिळणार की नाही, हे ठरणार आहे.

मसुदे आले, मसुदे गेले

या विषयाचा प्रवास लांबचा आहे. शाळांजवळच्या जंक फूडविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, त्यातून 2014 मध्ये तज्ज्ञांचा गट बसला. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 2018 आणि 2019 च्या मसुद्यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मीठ, साखर किंवा चरबी असेल तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला लाल खूण सुचवली. कंपन्यांनी विरोध केला. 2020 मध्ये लेबलचे नवे नियम आले, तेव्हा ती लाल खूण त्यात नव्हती.

सप्टेंबर 2022 मध्ये नवा मसुदा आला, पण त्यात लाल खुणेऐवजी तारे होते. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण द्यायचे, जास्त तारे म्हणजे पदार्थ जास्त चांगला, अशी ती ‘इंडियन न्यूट्रिशन रेटिंग’ योजना. तिच्यावर 14 हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्याचं सरकारनेच न्यायालयात सांगितलं. मग जुलै 2024 मध्ये प्राधिकरणाने आणखी एक प्रस्ताव मंजूर केला : साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरात छापायचे.

म्हणजे समोर तीन वाटा आहेत. मोठ्या अक्षरातले आकडे, तारे, किंवा सरळ इशाऱ्याची खूण. वरवर पाहिलं तर तिन्हींचा हेतू एकच वाटतो. प्रत्यक्षात दुकानाच्या फळीसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मागच्या बाजूचा तक्ता

आजच्या नियमानुसार पाकिटावर पोषणाचा तक्ता असावाच लागतो. त्यात ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, चरबी यांच्यासोबत सोडियमही मिलिग्रॅममध्ये द्यावं लागतं. पण हा तक्ता मागे, बारीक अक्षरात, घडीच्या कडेला असतो. शिवाय त्यात ‘मीठ’ हा शब्द नसतो, ‘सोडियम’ असतो. बीपीची गोळी सुरू असलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात डॉक्टर ‘मीठ कमी करा’ म्हणून सांगतात. ‘सोडियम कमी करा’ असं कुणी म्हणत नाही.

हिशेब तसा सोपा आहे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे साधारण एक चहाचा चमचाभर मीठ झालं, म्हणजेच 2000 मिलिग्रॅम सोडियम. आपल्या लेबलच्या नियमांतही हाच 2000 चा आकडा धरला आहे.

उदाहरण घेऊ. एखाद्या पाकिटावर 100 ग्रॅममागे 900 मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि पाकीट 40 ग्रॅमचं आहे. पूर्ण पाकीट खाल्लं तर 360 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 0.9 ग्रॅम मीठ पोटात गेलं. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या मिठातला हा 18 टक्के वाटा, तोही दोन जेवणांच्या मध्ये तोंडात टाकलेल्या खाऊत. आता कंपनीने ‘एक वाढणी’ 20 ग्रॅमची धरली, तर त्याच पाकिटावर 18 ऐवजी 9 टक्के दिसतील. आकडा खोटा नाही. पण अर्धं पाकीट खाऊन उरलेलं घडी घालून ठेवणारं लेकरू कुठल्या गावात आहे? लहान मुलांसाठी तर 5 ग्रॅमची मर्यादाही जास्त आहे, त्यांच्या वयाप्रमाणे ती आणखी कमी धरावी लागते.

एवढा गुणाकार-भागाकार करून कुणी पाच रुपयांचं पाकीट घेत नाही. जुलै 2024 च्या प्रस्तावाप्रमाणे हेच आकडे मोठे करून छापले, तरी गुणाकार ग्राहकालाच करायचा राहतो.

चार लिप्या, एक इंग्रजी तक्ता

आता भाषेचा मुद्दा. केंद्राच्या नियमाप्रमाणे लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली की पुरे. इतर भाषा वापरायला मोकळीक आहे, सक्ती नाही. त्यामुळे बहुतेक कंपन्या पोषणाचा तक्ता फक्त इंग्रजीत छापतात.

बिदर जिल्ह्यात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा रोजच्या व्यवहारात आहेत, आणि चौघींच्या लिप्या वेगळ्या. एकाच गल्लीत आजी मराठी वाचते, नातू कन्नड शाळेत जातो आणि शेजारचं कुटुंब उर्दू वाचतं. आळंद आणि अफजलपूर तालुक्यांत अक्कलकोट-सोलापूरकडचा माल येतो, कमलनगर-औरादला उदगीर आणि देगलूरकडून येतो, बसवकल्याण-हुमनाबादला हैदराबाद-सोलापूर महामार्गावरून दोन्हीकडचा येतो. एकाच फळीवर तीन राज्यांचा माल असतो.

कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात तयार होणाऱ्या वस्तूंवर नाव आणि वापराच्या सूचना कन्नडमध्येही छापण्याचा आदेश काढला. कन्नड वाचणाऱ्यांची त्याने सोय होईल. पण तो राज्यात बनणाऱ्या मालापुरता आहे. सोलापूर किंवा हैदराबादहून येणाऱ्या पाकिटाला तो लागत नाही. आणि प्रत्येक लहान पाकिटावर चार लिप्यांत तक्ता छापा, अशी मागणी केली तर अक्षर इतकं बारीक होईल की कुठल्याच भाषेत वाचता येणार नाही.

यातून एकच वाट निघते : भाषेविना कळणारी खूण. ही कल्पना भारताला नवीन नाही. शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका आज निरक्षर माणूसही ओळखतो. मांसाहारी पदार्थासाठी 2020 च्या नियमांत तपकिरी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आला, म्हणजे रंग न ओळखता येणाऱ्यालाही आकारावरून फरक कळावा. दोन दशकांत या खुणेने जे काम केलं, ते कुठल्याही छापील तक्त्याने केलं नाही. दुकानात आलेली आजी पाकीट उलटं-सुलटं करून हिरवा ठिपका शोधते आणि मगच पिशवीत टाकते. मिठासाठीही अशीच खूण हवी, एवढी साधी ही मागणी आहे.

तारे का चालणार नाहीत

ताऱ्यांनाही भाषा लागत नाही, मग ते का नकोत, असं विचारता येईल. अडचण ताऱ्याच्या अर्थात आहे. तारा म्हणजे शाबासकी, हे शाळेच्या वहीपासून हॉटेलपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. दोन तारे असलेलं पाकीटही ‘बरं आहे’ असंच वाटणार. सावध करायची वस्तू आणि शिफारस करायची वस्तू, दोन्हींवर एकच चिन्ह आलं तर इशारा हरवतो.

दुसरी अडचण हिशेबाची. 2022 च्या मसुद्यात मीठ, साखर, संपृक्त चरबी यांचे गुण धरायचे आणि फळं, भाज्या, शेंगदाण्यासारखी कवची फळं-बिया, डाळी, भरडधान्यं, तंतू, प्रथिनं यांचे चांगले गुण त्यातून वळते करायचे, अशी रीत होती. हा भाग तूर-हरभऱ्याचा. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. डाळ चांगली, यात वादच नाही. पण बेसनाच्या खारट शेवेला डाळीचे आणि प्रथिनांचे गुण मिळाले, तर मिठाचे वाईट गुण त्यात झाकले जातात. बीपीच्या रुग्णाला शेवेत प्रथिनं किती हे नंतर कळलं तरी चालेल, मीठ किती हे आधी कळायला हवं. सरासरी काढली की नेमकी हीच गोष्ट पुसली जाते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने डिसेंबर 2019 मध्ये 33 पदार्थांची तपासणी जाहीर केली होती. त्यात 14 पॅकबंद होते आणि 19 फास्ट फूडचे. तेव्हाच्या मसुद्यातली मर्यादा लावली तर जवळपास सगळ्यांवरच लाल खूण आली असती. कंपन्यांचा विरोध कशाला होता, हे त्यावरून लक्षात येतं.

चिली आणि दक्षिण आफ्रिकेने काय केलं

बाहेरच्या देशांचे दाखले दोन प्रकारचे आहेत. चिलीने 2016 मध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळ्या अष्टकोनाची सक्ती केली. घन पदार्थांसाठी 100 ग्रॅममागे सोडियमची मर्यादा आधी 800 मिलिग्रॅम ठेवली, ती टप्प्याटप्प्याने 2019 पर्यंत 400 वर आणली. कंपन्यांना तयारीला वेळ मिळाला, पण सुटका मिळाली नाही. ज्या पदार्थावर असा अष्टकोन, तो शाळेत विकायचा नाही, लहान मुलांसाठी त्याची जाहिरात करायची नाही, हेही त्याच कायद्यात होतं. काळा शिक्का नको म्हणून अनेक कंपन्यांनी पदार्थांतलं प्रमाणच बदललं. म्हणजे खूण वाचणाऱ्याचा तर फायदा झालाच, न वाचणाऱ्याच्या पोटातही कमी मीठ गेलं.

दक्षिण आफ्रिका त्याहून एक पाऊल पुढे गेली. तिथे 2013 मध्ये नियम करून ब्रेडसह बऱ्याच पदार्थांत मिठाची कमाल मर्यादाच ठरवली. ब्रेडसाठी 2016 पासून 100 ग्रॅममागे 400 मिलिग्रॅम सोडियम आणि 2019 पासून 380. ब्रेड का, तर तो खारट लागत नाही. आपल्याकडेही चहासोबतची खारी, टोस्ट, बन, पाव यात मीठ आहे हे जिभेला कळत नाही. शेव खारट आहे हे खाणाऱ्याला माहीत असतं, टोस्टबद्दल कुणी तसा विचार करत नाही.

भारतात चिप्स, फरसाण, नूडल्स यांत जास्तीत जास्त किती मीठ असावं, याची अशी सक्तीची मर्यादा नाही. उलट मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या लोणच्यात मीठ हेच टिकवण्याचं मुख्य साधन असेल, तर ते 12 टक्क्यांपेक्षा कमी नसावं, असा नियम आहे. तो चुकीचा नाही, लोणचं नासू नये म्हणून आहे. पण मिठाकडे आपला अन्न कायदा आजवर कसा बघत आला, ते त्यातून दिसतं : नासणं थांबवणारा घटक म्हणून. रक्तदाब वाढवणारा घटक म्हणून बघायला त्याने अजून नीट सुरुवात केलेली नाही.

करात सवलत, इशाऱ्याला मुदतवाढ

लेबलचा निर्णय लांबत असताना दुसरीकडे एक निर्णय झटपट झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद फरसाण, भुजिया, सॉस, नूडल्स यांच्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांची किंमत बदलणं अवघड म्हणून अनेक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवलं. ग्राहकाला त्याच पैशात जास्त माल मिळाला, ही चांगली गोष्ट. पण त्याच पाकिटात मीठही त्याच हिशेबाने वाढलं.

साखरेच्या बाबतीत सरकारने वेगळी भूमिका घेतली आहे. गोड शीतपेयांना 40 टक्क्यांच्या दरात ठेवलं आहे. गोड पाण्यावर 40 आणि खारट पाकिटावर 5 हा फरक बघितला तर साखर घातक आहे हे कराच्या कागदावर मान्य झालंय, मिठाचं तसं झालेलं नाही. कर कमी करण्यामागे महागाई आणि छोटे उत्पादक यांचा विचार असेल, तो योग्यही असेल. मग निदान इशाऱ्याची खूण तरी त्याच वेगाने यायला हवी होती.

देशाच्या घरगुती खर्चाच्या पाहणीतही बदल दिसतो. 2023-24 च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या महिन्याच्या एकूण खर्चात पेयं आणि प्रक्रिया केलेल्या अन्नाचा वाटा 9.84 टक्के निघाला, शहरात 11.09 टक्के. गाव आणि शहर यांत आता फार अंतर उरलेलं नाही.

दवाखान्याचा रस्ता

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर दवाखान्यांत आहे. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे आकडे 2023 मध्ये आले. त्यानुसार देशातल्या 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. राष्ट्रीय पाहणीत 2017-18 मध्ये देशातलं मिठाचं सरासरी सेवन दिवसाला 8 ग्रॅम आढळलं होतं, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. 2025 पर्यंत ते 30 टक्क्यांनी कमी करायचं, असं उद्दिष्ट भारतानेही स्वीकारलं होतं. जागतिक पातळीवर ती मुदत आता 2030 पर्यंत पुढे गेली आहे.

बीपी दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा अनेकदा लकवा मारलेला असतो, हृदयाचा झटका आलेला असतो किंवा किडनीवर परिणाम झालेला असतो. कलबुर्गीत डिसेंबर 2024 मध्ये जयदेव हृदयरोग संस्थेचं 371 खाटांचं रुग्णालय सुरू झालं. कलम 371-जे खालच्या या भागासाठी ती मोठी सोय आहे. बिदरला ब्रिम्स आहे. तरी आजही गंभीर रुग्णाला घेऊन लोक हैदराबाद, सोलापूर, लातूर गाठतात. गाडीभाडं, खोलीभाडं, बुडालेली मजुरी, जमलं नाही तर गहाण टाकलेलं सोनं, हा खर्च कुठल्याही पाकिटावर छापलेला नसतो. खाटा वाढवायला कोट्यवधी लागतात, पाकिटावर खूण छापायला नुसती शाई लागते.

बचत गटांच्या पापडाचं काय?

खुणेला होणारा एक विरोध गंभीरपणे घ्यायला हवा. पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, सांडगे हे पदार्थ मुळातच खारट. मर्यादा लावली तर मोठ्या कंपन्यांच्या चिप्ससोबत बचत गटाच्या बायांच्या पापडावरही काळा शिक्का येईल, असं म्हटलं जातं. पापड कुणी 100 ग्रॅम खात नाही, एक-दोन खातो, मग 100 ग्रॅमच्या मापाने त्याला दोषी का धरायचं?

यात तथ्य आहे, म्हणून मर्यादा पदार्थाच्या गटाप्रमाणे वेगळी ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 मध्ये सोडियमचे मापदंड सरसकट न ठेवता पदार्थांच्या गटांनुसार दिले. पापडाची तुलना पापडाशी, शेवेची शेवेशी. छोट्या उत्पादकांना दोन-तीन वर्षांची जास्त मुदत देता येते, जिल्हा पातळीवर स्वस्तात तपासणीची सोय करता येते. पण बचत गटाचा पापड पुढे करून मोठ्या कारखान्यांची पाकिटं खुणेतून सोडवायची, हे मात्र चालू नये.

उलट इमानदार खूण इथल्या मालाला फायद्याची ठरू शकते. कलबुर्गीत जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने महिला गटांची ज्वारीची भाकरी ‘कलबुर्गी रोटी’ नावाने बाजारात आली आहे. ज्वारीच्या साध्या भाकरीत मीठ नसतं किंवा नावालाच असतं. शेजारच्या चिप्सवर शिक्का आणि भाकरीचं पाकीट स्वच्छ, यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? शिक्का नसणं ही सुद्धा ओळख बनते.

खूण आली तरी उरणारं मीठ

खुणेकडून भलती अपेक्षा ठेवण्यातही अर्थ नाही. युरोप-अमेरिकेत बहुतांश मीठ कारखान्यातल्या अन्नातून येतं, आपल्याकडे अजूनही बरंचसं मीठ घरच्या डब्यातलं आहे. वरणात, भाजीत, ठेच्यात, ताटातल्या लोणच्याच्या फोडीत. शिवाय बाजारातलं बरंच खाणं नियमाच्या बाहेर आहे. मिरची भजी, सुसला, बेकरीतला सुटा खारा, हलवायाकडचा तराजूवर मोजलेला चिवडा यांवर पोषणाचा तक्ता नसतो. 100 चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लहान पुडीलाही पोषणाच्या तक्त्यातून सूट आहे. ती माहिती मोठ्या खोक्यावर असते आणि खोकं दुकानदाराकडेच राहतं. रुपया-दोन रुपयांच्या लोणच्याच्या पुडीवर ग्राहकाला काहीच वाचायला मिळत नाही.

पण घरचं मीठ आणि पाकिटातलं मीठ यात एक फरक आहे. घरच्या डब्यावर घरातल्या माणसाचा हात आहे. डॉक्टरांनी सांगितलं तर तो हात आवरता घेता येतो. पाकिटातलं मीठ कारखान्यात आधीच पडलेलं असतं, त्यावर ग्राहकाचा ताबा नाही. म्हणून तिथे कायदा लागतो.

बेंगळुरू आणि जिल्हा प्रशासन काय करू शकतं

लेबलचा नियम केंद्राच्या हातात आहे, राज्य स्वतःची खूण सक्तीची करू शकत नाही. तरी राज्याचे हात बांधलेले नाहीत. मार्च 2024 मध्ये कर्नाटकाने बुढ्ढी के बाल आणि गोबी मंचुरियनमधल्या घातक रंगांवर बंदी घातली, जूनमध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगांवर घातली. नमुने घेतले गेले, कारवाईचा इशारा गाड्यांपर्यंत पोचला. मनावर घेतलं तर यंत्रणा हलते, हे त्यातून दिसलं. रंग डोळ्याला दिसतो म्हणून त्यावर लवकर बोललं गेलं. मीठ दिसत नाही, एवढाच फरक.

हातात असलेला एक नियम तर कुणी उघडूनही बघत नाही. एफएसएसएआयच्या शाळांसाठीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ किंवा साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून कुठल्याही दिशेला 50 मीटरपर्यंत विकायला मनाई आहे. भालकी, हुमनाबाद, आळंद इथल्या कुठल्याही शाळेबाहेर मधल्या सुट्टीत उभं राहून 50 पावलं मोजली, तर या नियमाचं काय झालंय ते कळेल. यात टपरीवाल्याला एकदम उठवून लावणं हा मार्ग नाही, त्याचंही पोट आहे. फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली कणसं, केळी, चिक्की असा माल ठेवायला त्याला वेळ आणि मदत मिळायला हवी. पण नियम आहे हे तरी त्याला, शाळेला आणि पालकांना कन्नड, मराठी आणि उर्दूत कुणीतरी सांगितलं पाहिजे. पंचायत आणि शाळा विकास समितीच्या बैठकीत हा विषय घ्यायला दिल्लीच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

तेलंगणाच्या बाजूलाही हालचाल सुरू आहे. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने 2025 मध्ये तेलंगणा आणि पंजाबात गावपातळीवर मीठ कमी करण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्यात कमी सोडियमच्या मिठाचाही अभ्यास आहे. या मिठात सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेला असतो. मात्र किडनीचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, हे लक्षात ठेवायला हवं. बिदर तेलंगणाला लागूनच आहे. तिथला अनुभव इथे आणणं अवघड नाही.

सीमाभागाचं म्हणणं पोचायला हवं

2022 च्या मसुद्यावर आलेल्या 14 हजारांहून जास्त सूचनांत बिदर-कलबुर्गीच्या ग्रामपंचायतींचा, बचत गटांचा, इथल्या डॉक्टरांचा आवाज कितपत होता, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पुढचा मसुदा जेव्हा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा खासदार, आमदार आणि डॉक्टरांच्या संघटनांनी तीन गोष्टी लिहून पाठवायला हव्यात. पहिली, पुढच्या बाजूला भाषेविना कळणारी इशाऱ्याची खूण हवी, तारे नकोत. दुसरी, मीठ, साखर आणि चरबी यांची खूण वेगवेगळी हवी, म्हणजे बीपीवाल्याला आणि शुगरवाल्याला आपापला इशारा कळेल. तिसरी, लहान पुड्यांना या खुणेतून सूट नको, कारण गरिबाच्या घरात तीच पुडी येते.

तोवर ग्राहकाच्या हातात एक साधन आहे. एकाच प्रकारची दोन पाकिटं हातात घ्यायची, मागच्या तक्त्यात ‘सोडियम’ची ओळ शोधायची, 100 ग्रॅमचा आकडा बघायचा आणि कमी आकड्याचं पाकीट घ्यायचं. इंग्रजी वाचणारं शाळेतलं पोर हे दोन मिनिटांत करू शकतं. घरात बीपीचा रुग्ण असेल तर त्या पोराला हे काम सोपवायला हरकत नाही.

पण पोराने तक्ता वाचून आजीला सांगावं, हा काही कायद्याला पर्याय नाही. हिरवा ठिपका ओळखायला आजीला कुणाची मदत लागत नाही. मिठाचा इशाराही तिला एकटीला, दुकानाच्या पायरीवर उभ्या-उभ्या कळला पाहिजे. समितीच्या शिफारशी आणि त्यावरचा नियम कुठल्याही रूपात येवो, बिदर-कलबुर्गीत त्याची परीक्षा याच मापाने होईल.